एका बसची मागणी आणि चार बाहुल्या : समान शिक्षणाच्या लढ्याचा एक पाठ



'समानता' हा शब्द आपण मुलांना कितीदा शिकवतो! परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणून घेतो, नागरिकशास्त्रात व्याख्या लिहून देतो. मुलं पाठही करतात. पण "समानता म्हणजे काय रे?" असं विचारलं, तर बहुतेक जण "सगळ्यांना सारखं देणं" एवढंच सांगतात. पुस्तकं सारखी, गणवेश सारखा, खिचडी सारखी. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. सगळं सारखं देऊनही एखाद्या मुलाला कमी लेखता येतं का? याच प्रश्नावर अमेरिकेत एक मोठा खटला उभा राहिला होता. तो लढवणाऱ्यांमध्ये खेड्यातले पालक होते, एक शिक्षक-धर्मगुरू होता आणि मानसशास्त्र शिकलेलं एक जोडपं होतं. इयत्ता ५ वी ते ८ वीच्या मुलांना ही हकिगत गोष्टीसारखी सांगता येते. आधी आपण स्वतः ती नीट समजून घेऊ, मग वर्गात कशी घ्यायची ते पाहू.

थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. १८६८ मध्ये त्यांच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि कायद्याचं समान संरक्षण सर्वांना मिळेल असं ठरलं. कागदावर सगळं छान होतं. पण दक्षिणेकडच्या राज्यांनी हळूहळू गोऱ्यांसाठी वेगळं आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळं अशी व्यवस्था उभी केली. रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, शाळा वेगळ्या. १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या नावाने ओळखला जातो. न्यायालयाने सांगितलं, वेगळं ठेवलं तरी चालेल, फक्त सोयी समान हव्यात. 'वेगळे पण समान' हे तत्त्व पुढे जवळपास ५८ वर्षं टिकलं.

आता हे 'समान' प्रत्यक्षात कसं होतं ते पाहू. साऊथ कॅरोलिना राज्यात क्लॅरेंडन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा भाग. कापसाचा, शेतीचा मुलूख. १९४९-५० या वर्षी तिथे एका गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि एका कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांना एकही नाही. काही मुलं एका बाजूने जवळपास ९ मैल, म्हणजे साधारण १४ किलोमीटर चालायची. शेजारून गोऱ्या मुलांची बस धूळ उडवत जायची.

मागणी फक्त एका बसची होती

जोसेफ डिलेन हे तिथले शिक्षक आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू. या चर्चबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळणाऱ्या अपमानाला कंटाळून कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांनी ते स्वतः उभं केलं. त्याची रीतसर स्थापना १८१६ ची. दक्षिणेतल्या खेड्यांत शाळा गोऱ्यांच्या समितीच्या हातात, जमीन बहुधा गोऱ्या मालकाची, बँक गोऱ्यांची. चर्च मात्र आपलं. सभा घ्यायची, वर्गणी गोळा करायची, चार गोष्टी मोकळेपणाने बोलायच्या, तर जागा तीच. म्हणून या लढ्यात देवळाचा आणि शाळेचा संबंध इतका जवळचा आहे. डिलेन रविवारी प्रवचनात सांगायचे की देवाच्या नजरेत सगळी लेकरं सारखी, आणि सोमवारी शाळेत त्याच लेकरांना चालून चालून दमलेली बघायचे.

१९४७ मध्ये डिलेन आणि गावकऱ्यांनी बसची मागणी केली. शाळा एक करा असं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त एक बस. अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं : तुम्ही लोक कर कमी भरता, तुमच्यासाठी बस घेणं परवडत नाही. मग पालकांनी पैसे जमवून एक जुनी बस विकत घेतली. ती सारखी बंद पडायची. दुरुस्ती, पेट्रोल, सगळं गरीब शेतकऱ्यांच्या खिशातून. निदान पेट्रोल तरी द्या म्हटलं, तर तेही नाही.

लिव्हाय पिअरसन नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मुलांसाठी दावा लावला. १९४८ मध्ये तो तांत्रिक कारणाने फेटाळला गेला, कारण त्यांची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर येत होती. दावा गेलाच, वर त्यांना शेतीसाठी मिळणारी उधारीही बंद झाली.

सह्या आणि त्यांची किंमत

एन.ए.ए.सी.पी. ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था. तिचे वकील थर्गुड मार्शल यांनी सांगितलं, एका माणसावर दावा उभा करायचा नाही, किमान वीस वादी आणा आणि फक्त बसची नाही, सगळ्याच सोयींची समानता मागा. डिलेन घरोघर फिरले. नोव्हेंबर १९४९ मध्ये पालक आणि मुलं मिळून १०७ सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं होतं, आणि शाळा मंडळाचे अध्यक्ष होते एलियट. म्हणून खटल्याचं नाव 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट'.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा थांबा. वर्गात सांगताना मुलांनाही इथे थांबवा. या सह्यांची किंमत काय होती बघा.

- हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. पाच मुलांचा संसार. पुढे कामासाठी त्यांना फ्लोरिडाला जावं लागलं.
- त्यांची पत्नी एलायझा एका मोटेलमध्ये साफसफाईचं काम करायच्या. त्यांचंही काम गेलं.
- डिलेन यांची शिक्षकाची नोकरी गेली. पत्नी मॅटी याही शिक्षिका होत्या. त्यांचीही गेली.
- १९५१ मध्ये डिलेन यांचं घर जळून खाक झालं. अग्निशामक दल आलं, पण घर आपल्या हद्दीबाहेर आहे म्हणून बघत उभं राहिलं.

सही मागे घ्या म्हणून सगळ्यांवर दबाव होता. काहींनी घेतलीही. पोटापुढे माणूस काय करणार, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पुरेसे लोक टिकले आणि खटला उभा राहिला.

न्यायाधीशांचा सल्ला

जे. वेटीज वेअरिंग हे चार्ल्स्टनचे न्यायाधीश. जुन्या, नावाजलेल्या गोऱ्या घराण्यातले. त्यांनी मार्शल यांना सुचवलं की सोयी समान करा एवढंच मागत बसू नका, वेगळं ठेवण्यालाच आव्हान द्या. त्याप्रमाणे दावा नव्याने दाखल झाला. आता प्रश्न बसचा राहिला नव्हता. वेगळी शाळा हीच मुळात असमान आहे का, हा प्रश्न होता.

सुनावणी मे १९५१ मध्ये झाली. क्लॅरेंडनचे शेतकरी पहाटे निघून चार्ल्स्टनला आले, कोर्टाबाहेर रांग लागली. आणि तिथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. सरकार पक्षाच्या वकिलांनी सुरुवातीलाच मान्य करून टाकलं की शाळा समान नाहीत. आम्ही सुधारतो आहोत, वेळ द्या, असं त्यांचं म्हणणं. राज्याने खरोखरच नवा विक्रीकर लावून कृष्णवर्णीयांसाठी नव्या इमारती बांधायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. हेतू काय? इमारती चांगल्या द्यायच्या, पण मुलांना एका बाकावर येऊ द्यायचं नाही.

पडक्या शाळांचे कितीही फोटो दाखवले असते तरी आता उत्तर तयार होतं, "बांधून देतो ना!" मग वेगळं ठेवण्यानेच मुलाचं नुकसान होतं हे दाखवायचं कसं? मनातली जखम कोर्टात मोजून कशी दाखवणार?

चार बाहुल्या

इथे मेमी फिप्स क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे जोडपं येतं. दोघंही कृष्णवर्णीय, दोघांनी कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. लहान कृष्णवर्णीय मुलांना 'मी कोण' याची जाणीव कधी आणि कशी होते, हा विषय मुळात मेमी यांच्या एम.ए.च्या अभ्यासातला. सगळीकडे केनेथ यांचं नाव आधी येतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्यांची पद्धत अगदी साधी. चार बाहुल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळं सारखं. मुलाला विचारायचं : तुला खेळायला कोणती आवडेल? यातली चांगली बाहुली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि शेवटी : तुझ्यासारखी कोणती?

सुनावणीच्या आधी केनेथ क्लार्क क्लॅरेंडनला गेले आणि तिथल्या ६ ते ९ वयाच्या १६ कृष्णवर्णीय मुलांना हेच प्रश्न विचारले. १६ पैकी १० जणांना गोरी बाहुली जास्त आवडली. ११ जणांनी 'वाईट दिसणारी' म्हणून तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवलं. आणि मग पुढचा प्रश्न, "तुझ्यासारखी कोणती?" आत्ताच जिला वाईट म्हटलं, तिच्याकडेच पुन्हा बोट दाखवायचं. दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या चाचण्यांमध्ये या प्रश्नाला काही मुलं रडली होती, असं क्लार्क यांनी पुढे सांगितलं आहे.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना हे वाचून पोटात गलबलतं. कारण या वयाच्या मुलाला कायदा कळत नाही, डॉलर कळत नाहीत. पण आपल्याला कुठे बसवलंय, कोणाबरोबर बसवलेलं नाही, हे त्याला नेमकं कळतं. त्यावरून ते स्वतःची किंमत ठरवतं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की या चाचणीवर टीका झाली. १६ मुलं हा नमुना फार लहान. शिवाय क्लार्क यांच्याच आधीच्या अभ्यासात उत्तरेकडच्या, एकत्र शाळांत शिकणाऱ्या मुलांनीही गोरी बाहुली निवडली होती. मग दोष फक्त वेगळ्या शाळेचा कसा? हा आक्षेप योग्यच आहे. मूल शाळेबाहेरही सगळं बघत असतं, घरी, दुकानात, चित्रात. पण त्यातून शाळेची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

निकाल

चार्ल्स्टनच्या तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. शाळांच्या सोयी समान करा, पण वेगळेपण राहू द्या. वेअरिंग यांचं मत एकटं पडलं. वेगळं ठेवणं हीच असमानता आहे, असं त्यांनी लिहिलं. गोऱ्या समाजाने त्यांना वाळीतच टाकलं. १९५२ मध्ये निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला निघून गेले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे कॅन्ससचा खटला आणि व्हर्जिनिया, डेलावेअर, राजधानी वॉशिंग्टन इथले खटले याच्याबरोबर ऐकले गेले. कॅन्ससच्या खटल्यावरून 'ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ' हे नाव रूढ झालं. तिथल्या टोपिका शहरातल्या दोन्ही प्रकारच्या शाळा इमारतीच्या बाबतीत बऱ्यापैकी सारख्या होत्या. त्यामुळे न्यायालयाला मूळ प्रश्न टाळता आला नाही.

१७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमत. केवळ वंशावरून मुलांना वेगळं काढलं तर त्यांच्या मनात आपण कमी आहोत ही भावना रुजते, आणि ती पुढे कदाचित कधीच पुसता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणून सार्वजनिक शिक्षणात 'वेगळे पण समान' याला जागा नाही. निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या अभ्यासाचाही उल्लेख आला.

निकालानंतर सगळं छान झालं का?

नाही. आणि मुलांना हे लपवू नये.

१९५५ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणी 'योग्य त्या गतीने' करा असं सांगितलं, आणि अनेक राज्यांनी त्याचा अर्थ 'सावकाश' असा घेतला. ज्या समर्टन गावातून हा लढा सुरू झाला, तिथे गोऱ्यांच्या शाळेत पहिली कृष्णवर्णीय मुलं गेली ती १९६५ मध्ये. त्याच सुमारास गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढली आणि आपली मुलं तिकडे नेली.

आणखी एक गोष्ट आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवायला हवी. दक्षिणेत शाळा एकत्र करताना बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या गेल्या. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं नव्या शाळेत गेली, पण त्यांना नावाने ओळखणारे, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणारे गुरुजी आणि बाई मागेच राहिल्या. मुलांना एका छताखाली आणणं हे पहिलं पाऊल होतं. त्या छताखाली त्यांना कोण कसं वागवतं, हा प्रश्न उरलाच.

डिलेन यांचं काय झालं? दुसऱ्या गावात बदली झाल्यावर १९५५ मध्ये तिथलं त्यांचं चर्च जाळलं गेलं. रात्री घरावर गोळीबार झाला, त्यांनी उलट गोळी झाडली आणि वॉरंट निघालं ते त्यांच्यावरच. ते न्यूयॉर्कला गेले. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. ते वॉरंट रद्द झालं २००० साली, मृत्यूनंतर २६ वर्षांनी. २००४ मध्ये डिलेन, पिअरसन आणि ब्रिग्ज पती-पत्नी यांना अमेरिकेच्या संसदेचं सुवर्णपदक मरणोत्तर देण्यात आलं.

आपल्या मातीशी नातं

हे ओढूनताणून जोडलेलं नातं नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. इथल्या शूद्रातिशूद्रांची आणि तिथल्या गुलामांची वेदना एकच आहे हे त्यांनी ओळखलं होतं. क्लार्क पती-पत्नी ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच त्यांच्या दोन तपं आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि तिथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे याचा उल्लेख केला होता. वर्गात इतरांपासून वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना कोणा मानसशास्त्रज्ञाने सांगायची गरज नव्हती.

वर्गात कसं घ्याल?

१. गणिताची जोड द्या. त्या वर्षी क्लॅरेंडनमध्ये २,३७५ गोऱ्या मुलांच्या १२ शाळांची किंमत ६,७३,८५० डॉलर होती, तर ६,५३१ कृष्णवर्णीय मुलांच्या ६१ शाळांची १,९४,५७५ डॉलर. दर मुलामागे किती येतात ते मुलांना काढू द्या. एकीकडे सुमारे २८४, दुसरीकडे सुमारे ३०. उत्तर स्वतः काढलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

२. अंतर मोजा. शाळेपासून १४ किलोमीटरवर कोणतं गाव येतं? रोज तिथून चालत यायचं तर किती वाजता निघावं लागेल? ताशी ४ किलोमीटर धरा. साडेतीन तास येतात, फक्त यायला.

३. सहीचा प्रसंग. "तुम्ही हॅरी ब्रिग्ज असता तर सही केली असती का?" दोन्ही बाजूंनी बोलू द्या. 'नाही' म्हणणाऱ्याला हसू देऊ नका.

४. बाहुल्यांची चाचणी वर्गात करू नका. हे कळकळीने सांगते. आपल्याकडेही रंगावरून चिडवणं आहेच. "वाईट दिसणारी कोणती?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला, तर एखाद्या सावळ्या मुलीला आपण तीच जखम पुन्हा देऊ. गोष्ट सांगा, प्रयोग नको.

आणि आपल्यासाठी

मुलांना शिकवून झालं की एकदा आपल्या वर्गाकडे त्या बाहुल्यांच्या नजरेने बघू या. 'हुशार' मुलांची रांग ठरलेली आहे का? शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना जातीची नावं घेऊन मुलांना उभं केलं जातं का? ऊसतोड कामगारांची मुलं सहा महिन्यांनी परत आली की कुठे बसतात? पालकहो, "त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस" हे वाक्य घरातून तर शाळेत येत नाही ना? यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत, कोणताही जी.आर. लागत नाही. बाक बदलता येतो, आवाज बदलता येतो, आजच्या आज.

अमेरिकेत हे मान्य करून घ्यायला खेड्यातल्या माणसांनी नोकऱ्या आणि घरं गमावली. आपल्याला निदान आपल्या वर्गापुरतं तरी ते फुकट करता येतं.

पाठ घेतलात तर मुलांनी सहीच्या प्रश्नावर काय उत्तरं दिली ते नक्की कळवा. ती वाचायला मला फार आवडेल.